श्वेतप्रदर आणि घरांतील होमिओपाथीची पेटी

कांहीं विषय असे असतात कीं, ते घरांतील सर्व स्त्रियांस ठाऊक असूनहि त्यांचा उच्चार मोकळेपणानें कोणीच करीत नाहीं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड दोन जावा हलक्या आवाजांत एकमेकींस कांहीं सांगतात, सासूबाईंचें पाऊल वाजलें कीं बोलणें थांबतें, आणि पुरुषांच्या कानांवर तर तें कधीं येतच नाहीं. स्त्रियांच्या अंगावरून पांढरें जाणें, ज्यास कोणी धुपणी म्हणतात व वैद्य श्वेतप्रदर म्हणतात, हा असाच एक विषय होय. या सदराकडे येणाऱ्या पत्रांत त्याविषयींची पृच्छा वारंवार असते. पत्र लिहिणाऱ्या भगिनी आपलें नांव बहुधा घालीत नाहींत, आणि बहुतेकींचा प्रश्न एकच असतो : यावर होमिओपाथीच्या गोळ्या घेतल्या तर चालतील काय? प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे, निवृत्त शाळामास्तर आहे. आणि प्रश्न सोडविण्यापूर्वीं तो नीट मांडून घ्यावा, ही त्याची जुनी खोड आहे. म्हणून गोळ्यांकडे वळण्यापूर्वीं आपण दुसराच प्रश्न विचारूं : हें जें अंगावरून जातें तो रोग आहे काय, आणि असल्यास कोणता?

हा विषय छापील पानावर येण्याजोगा नाहीं, असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं आपल्या पूर्वजांकडे पाहावें. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील तिसावा अध्याय योनिव्यापदांचा, म्हणजे स्त्रियांच्या गुह्येंद्रियाच्या विकारांचा आहे, आणि त्यांत अशा वीस विकारांची गणना केली आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांतहि त्यांची संख्या वीसच आहे. स्रावाचा वर्ण, गंध, चिकटपणा, दाह, कंडू यांचा विचार त्या वैद्यांनीं ज्वर-अतिसाराचा करावा तितक्याच निःसंकोचपणें केला आहे. ‘प्रदर’ हा शब्द प्र-पूर्वक ‘दॄ’ धातूपासून आला असून फुटून बाहेर पडणें असा त्याचा आशय आहे. चरकांत तो अतिरिक्त रक्तस्रावास लावलेला आढळतो, आणि ‘श्वेत’ हें विशेषण त्यास पुढें जोडलें गेलें. सारांश, शास्त्रकारांस ज्या गोष्टीची लाज वाटली नाहीं, तिची लाज आपण मागाहून निर्माण केली आहे.

आतां मुख्य गोष्ट. अंगावरून जाणारें सर्वच पांढरें पाणी रोगाचें नसतें, हें प्रथम मनाशीं पक्कें करावें. डोळा ओला राहण्यासाठीं अश्रु असतात, तोंड ओलें राहण्यासाठीं लाळ असते, त्याचप्रमाणें योनिमार्ग ओला व स्वच्छ राहण्यासाठीं तेथें स्राव असतो. गर्भाशयाच्या मुखांतून पाझरणारा चिकट द्रव व आंतील त्वचेच्या झडलेल्या पेशी मिळून तो होतो. तेथें एक उपकारक जंतुहि वास करतो. जर्मन वैद्य डोडरलाइन यानें १८९२ सालीं त्याचें वर्णन केलें. दूध विरजणारे जे जंतु, त्यांच्याच कुळांतला हा असून तो आंबटपणा उत्पन्न करतो. हा आंबटपणा पी-एच्‌च्या मापानें साधारणतः ३.८ ते ४.५ इतका भरतो, आणि त्यामुळें उपद्रवी जंतूंचा तेथें शिरकाव होत नाहीं. घराच्या दारावर पहारेकरी असावा तसा हा प्रकार आहे.

हा स्वाभाविक स्राव पाण्यासारखा किंवा दुधट असतो, वस्त्रावर वाळला म्हणजे किंचित् पिवळसर दिसतो; त्यास दुर्गंधि नसतो, खाज नसते, आग नसते. त्याचें प्रमाण नेहमीं सारखें राहत नाहीं. पुढच्या पाळीपूर्वीं सुमारें चौदा दिवस, म्हणजे बीज सुटण्याच्या सुमारास, तो निर्मळ होऊन एकतारी पाकाप्रमाणें त्याची तार निघते. मग तो पुन्हां दाट व थोडा होतो. गरोदरपणीं तो वाढतो. मुलगी न्हाण येण्याच्या बेतांत असतां कांहीं महिने अगोदर तो दिसूं लागतो. नवजात मुलीच्या अंगावरूनहि आईच्या रक्तांतील द्रव्यांच्या योगानें चार दिवस पांढरें जाऊं शकतें. यांपैकीं कशालाहि औषध नको. ‘हाडें झिजून तें पाणी होऊन जातें’ किंवा ‘अंगांतला धातु जातो’ ही समजूत सुशिक्षित घरांतहि आढळते; ती निराधार आहे. अशा स्रावानें अशक्तता येत नाहीं. अशक्तता असेल तर तिचें कारण निराळें शोधावें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वयाच्या शेंकडा ५७ भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला, म्हणून पहिला संशय तिकडेच जावा.

मग रोग कोणता? स्त्रीच्या नेहमींच्या स्रावांत रंग, गंध, दाटपणा वा प्रमाण यांचा जो बदल होतो, आणि जो खाज, आग, वेदना किंवा रक्त यांस बरोबर घेऊन येतो, तो अस्वाभाविक समजावा. त्याचे मुख्य प्रकार सांगतों.

पहिला प्रकार बुरशीचा. यांत स्राव चक्क्यासारखा दाट, पांढरा, गुठळ्यांचा असतो. वास फारसा नसतो, परंतु खाज असह्य असते व लघवीच्या वेळीं आग होते. गरोदरपण, मधुमेह आणि जंतुनाशक औषधांचा नुकताच झालेला मारा यांनीं हा बळावतो. ज्या स्त्रीस हा पुन्हां पुन्हां होतो, तिच्या रक्तांतील साखर तपासलीच पाहिजे.

दुसरा प्रकार उपकारक जंतु कमी होऊन इतर जंतु माजल्याचा. यांत स्राव पातळ, राखाडी, आणि मासळीसारख्या वासाचा असतो; खाज बहुधा नसते. गरोदर स्त्रीस अशा विकारांत अकालीं प्रसूतीचा धोका वाढतो.

तिसरा प्रकार एका सूक्ष्म परोपजीवी जीवाचा. पॅरिसच्या दोने नांवाच्या वैद्यानें १८३६ सालीं तो सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं प्रथम पाहिला. यांतील स्राव पिवळट-हिरवट व कित्येकदां फेसाळ असतो. हा विकार पति-पत्नींच्या संबंधांतून एकाचा दुसऱ्यास होतो. पतीस लक्षण नसलें तरी दोघांनींहि औषध घेतल्यावांचून तो जात नाहीं. एकट्या सुनेस औषध देऊन मुलाचें नांव न काढणें, ही आपल्या घरांतली रीत येथें निष्फळ ठरते.

चौथा प्रकार परमा व त्याच्या जातीच्या जंतूंचा. हे गर्भाशयाच्या मुखाशीं ठाण मांडतात, कित्येकदां कांहींच दुखवीत नाहींत, आणि हळूहळू वर चढून गर्भनलिका बंद करतात. वर्षानुवर्षें ‘मूल कां होत नाहीं’ म्हणून व्रतें करणाऱ्या कांहीं जोडप्यांच्या दुःखाचें मूळ येथें असतें.

पांचवा प्रकार सर्वांत गंभीर. स्राव तांबूस, दुर्गंधियुक्त व पाण्यासारखा असणें, संबंधानंतर रक्त दिसणें, अथवा पाळी कायमची गेल्यावर पुन्हां कांहीं दिसूं लागणें, हीं गर्भाशयमुखाच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाचीं चिन्हें असूं शकतात. प्रत्येक वेळीं कर्करोगच असतो असें नाहीं. उतारवयांत त्वचा कोरडी व पातळ होऊनहि असें घडतें. पण तें ठरविण्याचा अधिकार तपासणीस आहे, तर्कास नाहीं.

वाचकांच्या ध्यानांत आलें असेल कीं, या पांचांचीं कारणें भिन्न, औषधें भिन्न आणि परिणामहि भिन्न आहेत. पहिल्यास बुरशीनाशक औषध लागतें, दुसऱ्या-तिसऱ्यास मेट्रोनिडॅझोलसारखें जंतुनाशक, चौथ्यास निराळीं जंतुनाशकें, आणि पांचव्यास शस्त्रक्रिया वा किरणोपचार. शिवाय केवळ वर्णन ऐकून यांपैकीं कोणता हें अनुभवी डॉक्टरासहि नेहमीं सांगतां येत नाहीं. कारण दोन विकार एकत्रहि नांदतात. आम्लता मोजण्याचा कागद, कांचेच्या पट्टीवर घेतलेला एक थेंब आणि सूक्ष्मदर्शक यंत्र, इतक्या सामग्रीनें पुष्कळसा निकाल लागतो.

आतां होमिओपाथीकडे वळूं. तिचा जनक हानेमान हा जर्मनीतील माइसेन गांवीं १७५५ सालीं जन्मला व १८४३ सालीं पॅरिस येथें वारला. जें द्रव्य निरोगी माणसांत एखादें लक्षण उत्पन्न करतें, तेंच सूक्ष्म मात्रेंत तें लक्षण घालवितें, हें तत्त्व त्यानें १७९६ सालीं मांडलें. विषास विषच उतारा, ही कल्पना आपल्याकडेहि जुनीच असल्यानें तें तत्त्व आपल्या लोकांच्या मनास चटकन् पटलें. बंगालचे नामांकित डॉक्टर महेंद्रलाल सरकार यांनीं १८६७ सालीं त्या पद्धतीचा उघड पुरस्कार केला, तेव्हांपासून सुशिक्षित घरांत तिची प्रतिष्ठा वाढत गेली. १९७३ च्या कायद्यानें व पुढें २०२० च्या कायद्यानें तिच्या शिक्षणास व व्यवसायास सरकारी नियमन मिळालें आहे. खणाखणांची लांकडी पेटी, लहान शिशा, साखरेच्या गोळ्या आणि एक जाडजूड पुस्तक, हें साहित्य कितीतरी वडीलधाऱ्या गृहस्थांच्या कपाटांत असतें.

त्या पुस्तकांत श्वेतप्रदरावर औषधांची उणीव नाहीं. ओटीपोट खालीं ओढल्यासारखें वाटतें, स्वभाव चिडका झाला आहे, संसारांत मन नाहीं, तर सेपिया. स्त्री मृदु, रडवी आणि स्राव सायीसारखा, तर पल्सॅटिला. अंग स्थूल, घाम फार, थंडी सोसवत नाहीं आणि स्राव दुधासारखा, तर कॅल्केरिया कार्ब. स्राव झोंबरा, दुर्गंधि, त्वचा सोलून काढणारा, तर क्रिओसोट. मौज अशी कीं, सेपिया म्हणजे समुद्रांतील एका जीवाची शाई, व कॅल्केरिया कार्ब म्हणजे कालवाच्या शिंपल्याचा चुना. तरीहि सोंवळ्यांतल्या आजीबाई त्या गोळ्या निर्वेधपणें घेतात.

अंकगणित पाहिलें तर त्यांच्या सोंवळ्यास बाध येण्याचें कारणहि नाहीं. ‘३०’ शक्तीचें औषध म्हणजे मूळ द्रव्याचा एक भाग शंभर भागांत मिसळावयाचा, त्यांतला एक भाग पुन्हां शंभरांत, असें तीस वेळां करावयाचें. म्हणजे एकावर साठ शून्यें इतकी विरलता झाली. आणि अठरा ग्रॅम, म्हणजे मोठा चमचाभर, पाण्यांत अणुरेणूंची संख्या किती? सहावर तेवीस शून्यें. म्हणजे बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ द्रव्याचा शेवटचा रेणु शिल्लक राहण्याची आशा संपते. पुढच्या अठरा पायऱ्यांत साखर, पाणी व मद्यार्क यांवांचून कांहीं नसतें. हें गणित मॅट्रिकच्या विद्यार्थ्यासहि सोडवितां येईल. मूळ अर्क व अगदीं खालच्या शक्ती यांची गोष्ट वेगळी. त्यांत द्रव्य असतें, म्हणून ते निरुपद्रवी समजून मनानें घेऊं नयेत.

“पण गुण येतो त्याचें काय?” असें विचारणारे पुष्कळ भेटतील. याचें उत्तर वर येऊन गेलें आहे. स्वाभाविक स्राव महिन्यांत आपोआप वाढतो व आपोआप कमी होतो. सौम्य बुरशीहि कांहीं वेळां पाळीबरोबर ओसरते. वाढलेल्या दिवशीं गोळी सुरू केली आणि आठवड्यानें स्राव कमी झाला, तर यश गोळीचें मानलें जातें. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गांठ पडावी, तसें हें आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन मंडळानें या पद्धतीवरील उपलब्ध अभ्यासांची छाननी करून २०१५ सालीं निष्कर्ष काढला कीं, ती गुणकारी असल्याचा विश्वसनीय पुरावा कोणत्याहि विकाराबाबत मिळत नाहीं.

तथापि, एका गोष्टीचें श्रेय होमिओपाथीच्या चांगल्या वैद्यास दिलें पाहिजे. तो स्त्रीचें बोलणें ऐकून घेतो. झोप कशी लागते, राग कशाचा येतो, रडूं कधीं कोसळतें, हें तो विचारतो. आणि भरल्या घरांत ज्या सुनेस दिवसभरांत कोणीच कांहीं विचारीत नाहीं, तिला त्या ऐकण्यानेंच अर्धें बरें वाटतें. ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. गोव्यांत सुमारें अडीच हजार स्त्रियांच्या पाहणीवर आधारलेला एक निबंध २००५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत असें दिसलें कीं, अंगावरून जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतूंपेक्षां मनाच्या कष्टाशीं अधिक जवळचा आहे. अनेक वेळां ‘अंगावरून जातें’ हे शब्द म्हणजे ‘मला येथें सुख नाहीं’ या वाक्याचें सभ्य भाषांतर असतें. तेव्हां ऐकून घेणें हें औषधच. मात्र तें तपासणीची जागा घेऊं शकत नाहीं.

कारण या पद्धतींत औषधाची निवड लक्षणांच्या चित्रावरून होते, कारणावरून नव्हे. स्राव झोंबरा व दुर्गंधि आहे एवढ्यावर क्रिओसोट ठरतें; मग त्या स्रावामागें जंतु आहे कीं कर्करोग, हा भेद शिशींत उरत नाहीं. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबांतील साठीच्या घरांतल्या एक बाई, पाळी जाऊन दहा वर्षें झालेल्या, तांबूस डाग दिसूं लागल्यावर सात महिने घरच्या पेटींतील गोळ्या घेत होत्या. दीर मोठ्या मायेनें पुस्तक पाहून शिशी बदलीत असत. आणि संकोचामुळें बाईंनीं त्यांस ‘पांढरें जातें’ इतकेंच सांगितलें होतें, रंग सांगितला नव्हता. पुढें कंबर दुखूं लागली, तेव्हां स्त्री-डॉक्टरनें तपासलें. गर्भाशयमुखावरची गांठ तोंवर आजूबाजूस पसरली होती. गोळ्यांनीं त्यांस कांहीं अपाय केला नाहीं. पण ते सात महिने त्यांस परत कोण देणार?

हा संकोच किती महाग पडतो, याचा पुरावा महाराष्ट्रांतच आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनीं गडचिरोली जिल्ह्यांतील दोन गांवांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली व तो अभ्यास १९८९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. शेंकडा ९२ स्त्रियांस कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. आणि पूर्वीं अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेंकडा अवघ्या ८ होत्या. तीं खेडीं होतीं, आपण शहरांतले सुशिक्षित, असें म्हणून कोणी निश्चिंत होऊं नये. अंतर शिक्षणाचें असेल, लाजेचें फारसें नाहीं.

उलट, वेळेवर तपासणी झाल्यास काय साधतें तेंहि आपल्याच प्रांतांत दिसलें. तेव्हांच्या उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांत ३० ते ५९ वयाच्या सुमारें १ लक्ष ३१ हजार निरोगी स्त्रियांस सामील करून एक अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाले. कर्करोगास कारण होणाऱ्या एच.पी.व्ही. या विषाणूची चांचणी ज्या गटास आयुष्यांत एकदांच देऊं केली, त्या गटांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगानें होणारे मृत्यु जवळजवळ निम्म्यानें कमी झाले. या विषाणूवरील लसहि आतां आहे, आणि पुण्याच्या सीरम संस्थेनें बनविलेल्या लसीस २०२२ सालीं मान्यता मिळाली. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींस ती देणें सर्वांत उपयुक्त.

तेव्हां गृहिणींनीं काय करावें? रोजच्या स्वच्छतेस साधें पाणी पुरे. आंत पिचकारी मारणें, जंतुनाशक द्रावणें वा सुवासिक साबण वापरणें टाळावें. त्यानें पहारेकरी जंतूच मरतो. आंतलें वस्त्र सुती व कोरडें असावें. पाळीचें कापड वापरत असल्यास तें दुसऱ्या लुगड्याखालीं लपवून काळोखांत वाळवूं नये. उन्हांत वाळवावें, उन्हास लाज नसते. खाज, दुर्गंधि, रंगबदल, ओटीपोटांत दुखणें, ताप, गरोदरपणीं स्रावांत पडलेला फरक, यांपैकीं कांहीं असल्यास आठवडाभरांत स्त्री-डॉक्टरकडे जावें. पाळी गेल्यानंतरचा एक थेंब रक्तहि थोडा समजूं नये. लहान मुलीच्या अंगावरून दुर्गंधि वा रक्तमिश्रित जाऊं लागलें, तर तिनें खेळतांना आंत कांहीं घातलें आहे काय, किंवा तिला कोणी त्रास तर दिला नाहीं ना, हें प्रेमानें विचारावें व त्याच दिवशीं डॉक्टरकडे न्यावें. अशा वेळीं घराण्याच्या अब्रूचा विचार मनांत येऊं देऊं नये.

तपासणीची भीति बाळगूं नये. ती थोड्या मिनिटांची असते; बरोबर आई, जाऊ वा नणंद राहूं शकते; अविवाहित मुलीस विवाहित स्त्रीप्रमाणें तपासीत नाहींत, आणि प्रत्येक गोष्ट करण्यापूर्वीं विचारण्याचा हक्क तिला आहे. निदान झाल्यावर, आणि ठरलेलें औषध पूर्ण घेत असतां, कोणास मनाच्या समाधानासाठीं चार साखरेच्या गोळ्या घ्यावयाच्या असतील तर प्रस्तुत लेखक त्यांशीं भांडणार नाहीं. होमिओपाथीचा सुज्ञ वैद्यहि अशा स्त्रीस आधीं तपासून येण्यासच सांगेल; जो तसें सांगत नाहीं, त्याच्याकडे पुन्हां जाऊं नये.

शेवटीं दोन शब्द घरांतील वडील मंडळींस. सून किंवा लेक ‘मला डॉक्टरकडे जावयाचें आहे’ म्हणाली, तर कशासाठीं म्हणून चारचौघांत तिची उलटतपासणी घेऊं नये. गाडीभाडें द्यावें आणि दुपारच्या स्वयंपाकाची चिंता त्या दिवशीं दुसऱ्या कोणावर सोंपवावी. झांकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण पैशाच्या बाबतींत खरी असेल. रोगाच्या बाबतींत झांकली मूठ उघडण्यास जितका उशीर, तितकें आंतलें नुकसान अधिक.